साडेचार फूट पाण्यातले व्याही

जळगावच्या तापी-पूर्णा शिक्षण मंडळाच्या पोहण्याच्या तलावावर बन्सीलाल वारके जीवरक्षक म्हणून लागला, त्याला सत्त्याऐंशी साली पुष्कळ वर्षे झाली होती, आणि एवढ्या वर्षांत त्या तलावात एकही माणूस बुडाला नव्हता. याचे श्रेय बन्सीलाल स्वतःकडे घेई. त्याचे हितशत्रू म्हणत की बुडायला तलावात आधी पाणी असावे लागते. होळी झाली की तलावाचा तळ दिसू लागे, आणि मग पाऊस पडेपर्यंत त्या तळाच्या फरश्यांवर मंडळाचा शिपाई सुपडू आपल्या घरच्या कुरडया वाळत घाली. म्हणजे दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात थोडेथोडे तथ्य होते.

उरलेले महिने मात्र बन्सीलाल इमानाने जीव वाचवी. हे काम तो खुर्चीवर बसून करी. डोक्यावर मंडळाची छत्री, गळ्यात शिट्टी, मांडीवर वर्तमानपत्र. कोणी खोल बाजूकडे सरकले की शिट्टी, कोणी काठावरून धावले की शिट्टी, कोणी नुसतेच उत्साही दिसले तरी शिट्टी. त्या शिट्टीला मुले इतकी भीत की बुडण्याइतके धाडस कोणाच्या अंगी उरत नसे. स्वतः पाण्यात उतरायची वेळ त्याच्यावर कित्येक वर्षांत आली नव्हती, आणि मधल्या काळात पोटाने आपली वाढ शांतपणे करून घेतली होती. लहानपणी गिरणेच्या डोहात सूर मारणारा बन्सीलाल अजून त्या पोटाच्या आत कुठेतरी शाबूत आहे, अशी त्याची समजूत होती.

तलावाच्या फाटकावर लाल अक्षरांत एक पाटी होती : ‘जीवरक्षक – श्री. बी. टी. वारके’. या पाटीवर बन्सीलालचा जीव होता, आणि तिने नुकतेच एक मोठे काम पार पाडले होते. त्याच्या मुलीला, छायाला, बघायला धुळ्याहून नारखेडे मंडळी आली होती. मुलगा वीज मंडळात. मुलाचे वडील झुलाल नारखेडे जंगल खात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळे नाना म्हणत. पोहे झाल्यावर बन्सीलालने मंडळींना सहज म्हणून तलावाकडे फिरवून आणले. नानांनी पाटी चष्मा लावून वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. तरुणपणी तापीला पूर असताना आपण एका हाताने बंदूक वर धरून प्रकाशा गावच्या घाटापाशी कसे पलीकडे पोहत गेलो, ते त्यांनी सांगितले. आणि शेवटी म्हणाले की माणसांचे जीव वाचवणाऱ्याच्या घरची मुलगी आहे, आता आणखी बघायचे काय राहिले. बन्सीलालची बायको कुंदाबाई हिचे मत असे, की लग्न छायाच्या रूपामुळे आणि बी.एस्सी.मुळे जमले. पाटीचा विषय निघाला की ती भांडी जरा जोरात आपटू लागे.

व्याही ही काय चीज असते, ते साखरपुड्यात कळले. मुलाकडच्यांना दिलेला नारळ नानांच्या नजरेला जरा लहान वाटला. ते काही बोलले नाहीत, नुसते उठून गच्चीवर जाऊन बसले. चैत्राच्या उन्हात बन्सीलाल हात जोडून त्यांच्यासमोर उभा राहिला. मोठा नारळ आणला, तेव्हा तो आणायला उशीर का झाला म्हणून नाना आणखी थोडा वेळ बसले. मुलीच्या बापाने वाकायचे आणि मुलाच्या बापाने ते वाकणे पुरेसे आहे की नाही ते बघायचे, अशी आपल्याकडे कामाची वाटणीच आहे. लग्नाची तिथी ज्येष्ठातली धरली होती, आणि तोवर नानांचे मन कशानेही दुखवायचे नाही, असे घरात ठरले.

नेमक्या अशा वेळी मंडळावर नवे सेक्रेटरी आले. नव्या माणसाला कपाटे उघडायची हौस असते. त्यांनी एक कपाट उघडले आणि त्यांना असे आढळले की श्री. बी. टी. वारके यांचे जीवरक्षणाचे प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नवे करून घ्यायचे असते आणि ते फार जुन्या काळी एकदाच केलेले आहे. त्यांनी बन्सीलालला बोलावून शांतपणे सांगितले की मेअखेर नवे प्रमाणपत्र आणावे. न आणल्यास तलावावर दुसरा माणूस नेमला जाईल आणि वारकेंना वसतिगृहाच्या मेसवर पोळ्यांची देखरेख देण्यात येईल. पाटी रंगवून घ्यायला किती दिवस लागतात, हेही त्यांनी सुपडूला बन्सीलालच्या देखतच विचारले.

बन्सीलाल घरी आला तो आडवाच झाला. नोकरी जात नव्हती, पगारही तोच राहणार होता. पण लग्नाला महिना राहिला असताना धुळ्याच्या मंडळींना फाटकावर कोरी पाटी दिसणार आणि जीवरक्षक पोळ्या मोजताना सापडणार, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. नाना या वेळी कोणत्या गच्चीवर जाऊन बसतील, ते सांगता येत नव्हते.

प्रमाणपत्र देणारे खानदेश जलसुरक्षा मंडळ धुळ्याला होते. त्यांच्याकडे अर्ज गेला आणि परत आला, कारण सोबत जुने प्रमाणपत्र मूळ प्रतीत हवे होते. मूळ प्रत कपाटात सापडली, पण तिच्यावर एका पावसाळ्यात छत गळले होते आणि ‘वारके’ एवढे सोडून बाकी सारे धुऊन गेले होते. जीव वाचवणाऱ्याला स्वतःचे प्रमाणपत्र पाण्यापासून वाचवता आले नाही, असा शेरा धुळ्याच्या कोणा कारकुनाने मारला, तो बन्सीलालला फार लागला. मग प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला हवा होता. तो देणाऱ्या डॉक्टरांनी बन्सीलालला जिना चढून यायला सांगितले. वर आल्यावर त्याच्याकडे बराच वेळ पाहिले, आणि परीक्षेत नक्की कोण कोणाला वाचवणार आहे असे विचारले.

हे सगळे पार पडल्यावर परीक्षेचे नियम आले. एक असा, की उमेदवाराने आपला बुडणारा इसम स्वतः सोबत आणावा. इसम अंगापिंडाने भरलेला असावा आणि त्याची लेखी संमती घ्यावी. दुसरा असा, की बुडणाऱ्याने मिठी मारल्यास त्याच्या हनुवटीखाली तळहात लावून मागे रेटावे आणि तरीही न सोडल्यास गालात मारून त्याला भानावर आणावे. मात्र सरावाच्या इसमाला खरोखर मारल्यास उमेदवार बाद होईल. तिसरा नियम नवा होता. पूर्वी माणसाला पालथे घालून पाठ दाबत. आता उताणे घालून, नाक चिमटीत धरून, आपल्या तोंडाने त्याच्या तोंडात श्वास भरायचा होता. बन्सीलालने हा नियम दोनदा वाचला आणि कागद कुंदाबाईच्या हाती लागू नये म्हणून देव्हाऱ्यामागे ठेवला. कुंदाबाई रोज देव पुसते हे त्याच्या ध्यानात राहिले नाही. संध्याकाळपर्यंत ही बातमी कॉलनीभर झाली होती.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे छगन मास्तर निवृत्त होईपर्यंत विज्ञान शिकवत. त्यांनी अंगणातल्या बादलीत आधी लिंबू आणि मग दगड सोडून दाखवला आणि बन्सीलालने स्वतःला लिंबू समजावे असे सुचवले. समोरच्या द्रौपदाअक्का बोदवडकडच्या. त्यांना तोंडाचा प्रकार अजिबात पटला नाही. त्यांच्या गावी एका पोराला विहिरीतून काढले, तेव्हा कुंभाराच्या चाकावर पालथे घालून गरगर फिरवले होते. सारे पाणी तोंडावाटे निघाले, आणि तो पोरगा आज नातवंडांत बसून भाकरी खातो.

“तुह्या परीक्षेत चाक नाही?” अक्कांनी विचारले.

बन्सीलाल नाही म्हणाला. तेव्हा असली परीक्षा देऊ नये, असा अक्कांनी निर्वाळा दिला आणि भुसावळकडे आपल्या ओळखीचा कुंभार आहे तेही सांगून ठेवले.

बुडायला मात्र कोणी तयार होईना. छगन मास्तरांना सर्दी होती. कुंदाबाईच्या भावाने आनंदाने होकार दिला, पण त्याचे वजन पाहता त्याला बुडवण्यासाठी वरून धरून ठेवावे लागले असते. शेवटी कादरभाई उपयोगी पडले. कादरभाईंचा बँड होता, ते स्वतः क्लॅरिनेट वाजवत, आणि दर वर्षी मेहरूणच्या तलावात गणपती खोल पाण्यात नेऊन सोडायचे कामही तेच करत. बन्सीलालने भीत भीत विषय काढला. कादरभाई म्हणाले की आजवर दुसऱ्यांना बुडवत आलो, एकदा स्वतः बुडून बघू.

सराव करायचा तर पाणी हवे. मंडळाचा तलाव कोरडाठाक. सुपडूला विचारले, तर त्याने टाकीकडे हात केला.

“भाऊ, प्यावाले पानी नही शे, तुम्हले पव्हाले कोठून देऊ?”

म्हणून सराव कोरड्यातच झाला. कादरभाई तलावाच्या तळाशी कुरडयांच्या मधोमध उताणे पडत आणि बन्सीलाल त्यांची हनुवटी धरून, स्वतः पाय मारत मारत, त्यांना फरश्यांवरून ओढत नेई. उन्हात फरश्या तापलेल्या असत, त्यामुळे बुडणारा माणूस फार लवकर शुद्धीवर येई. दुसऱ्या दिवशी काठावर माणसे जमू लागली. तिसऱ्या दिवशी गावात अशी वदंता उठली, की मंडळाच्या तलावात बँडवाला कादर बुडाला. सेक्रेटरी रिक्षा करून आले. कोरड्या तलावात माणूस बुडाला कसा, याचा खुलासा त्यांनी बन्सीलालकडे लेखी मागितला.

तोंडाच्या सरावाला दोघेही टाळाटाळ करत होते. शेवटी मध्ये रुमाल घालून, सुपडूला पाठ फिरवून उभे करून, तो एकदा झाला. बन्सीलालने होता नव्हता तेवढा श्वास फुंकला. कादरभाईंनी सवयीने तो परत फुंकला, आणि बन्सीलालचे कान बंद झाले.

“वारकेसाब,” कादरभाई उठून बसत म्हणाले, “फुंकायचं काम माझं. तुम्ही हे उलटं चालवलंय.”

एकंदरीत तयारी बरी होती. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कादरभाई ओशाळल्या चेहऱ्याने दारात आले. पाचोऱ्याच्या एका वरातीत ठरलेला बँड आयत्या वेळी फिरला होता आणि ती सुपारी त्यांच्याकडे आली होती. ऐन लग्नसराईत वरात सोडणे म्हणजे पोटावर पाय. बन्सीलालने त्यांना चहा पाजून निरोप दिला. धुळ्याला जाऊन एखादा तरुण गाठू, असे मनाशी ठरवून सकाळी तो एकटाच एसटीत बसला.

आता इथे एक अडचण होती आणि ती कुंदाबाईने निघताना दारातच सांगितली. व्याह्यांच्या गावात जायचे आणि व्याह्यांच्या घरी पाय ठेवायचा नाही, हे कळले तर लग्नापर्यंत नाना गच्चीवरून उतरणार नाहीत. त्यामुळे बन्सीलाल आधी नारखेड्यांकडे गेला. चहा झाला, शेव झाली. परीक्षेचा विषय त्याने ‘सरकारी काम’ एवढ्यावर भागवला होता, पण नाना जंगल खात्यातले. झुडपात काय हलते ते त्यांना लगेच दिसे. त्यांनी दोन-चार प्रश्नांत सगळे काढून घेतले. बन्सीलालने गल्लीतला एखादा पोहणारा मुलगा मिळेल का असे विचारले मात्र, नानांच्या भुवया वर गेल्या.

“मी घरात असताना तुम्ही बुडायला परका माणूस शोधणार?”

बन्सीलालने हात जोडले. तुम्हाला तसदी नको, पाणी थंड असेल, लोक काय म्हणतील, असे तो बरेच काही बोलला. जितका तो नको म्हणे, तितके नानांना तो आपला अपमान वाटू लागला. तापीच्या पुरात उतरलेल्या माणसाला एवढ्याशा तलावाची भीती घालता का, असे त्यांनी विचारले. विहीणबाईंनी मध्ये पडून पाहिले, पण तोवर नाना आत जाऊन जुनी खाकी अर्धी चड्डी शोधू लागले होते. धरले तर चावते, सोडले तर पळते. बन्सीलालने संमतीचा कागद पुढे केला आणि नानांनी त्यावर रेंजरची मोठी सही ठोकली.

वाटेत नानांनी आपल्या रोजच्या फिरायच्या मंडळातले चौघे निवृत्त मित्र बरोबर घेतले. रिकामा माणूस परीक्षा बघायला चटकन तयार होतो. त्या चौघांनाही तापीची गोष्ट पाठ होती.

परीक्षा एका क्रीडा मंडळाच्या तलावात होती. एरवी तिथे खोल बाजूला दोन पुरुष पाणी असते म्हणतात. पण दुष्काळाने तेही आटून साडेचार फुटांवर आले होते. नाशिकहून आलेल्या परीक्षकांनी यावर तोडगा काढला होता. हे गृहस्थ शिस्तीचे, बारीक मिशांचे आणि मनाने परतीच्या गाडीत बसलेले होते. बुडणाऱ्या इसमाने गुडघे वाकवून बुडावे, असे त्यांनी सगळ्यांना सांगितले. नाना उंच. गुडघे वाकवायचे त्यांच्या जिवावर आले. मित्रांकडे पाहून ते म्हणाले की बुडण्यालाही आता पूर्वीची सर राहिली नाही, आणि शिडीने सावकाश उतरून पाण्याच्या मध्यभागी चालत गेले.

बन्सीलाल काठावर उभा होता. त्याची मोठी चिंता पाण्याची नव्हती, दुसरीच होती. नियमाप्रमाणे आता व्याह्यांची हनुवटी धरायची होती. साखरपुड्यात त्याने त्यांच्या पायांना हात लावला होता. हनुवटीपर्यंत मजल गेली नव्हती. आणि त्यापुढे तो तोंडाचा नियम होता. नानांना तंबाखूची सवय होती आणि बन्सीलाल रुमाल घरी विसरला होता.

परीक्षकांनी हात खाली केला. नानांनी गुडघे वाकवले. तळाच्या शेवाळलेल्या फरशीवरून त्यांचा पाय सटकला, ते मागच्या मागे गेले आणि पाण्याखाली दिसेनासे झाले. मग एक हात वर आला, मग खाकी चड्डीचा थोडा भाग, मग तोंड आले आणि पुन्हा गेले. चौघा मित्रांनी टाळ्या वाजवल्या. बन्सीलालही भारावून पाहत राहिला. इतके हुबेहूब बुडणे त्याने कधी पाहिले नव्हते.

तिसऱ्यांदा तोंड वर आले तेव्हा त्याला नानांचे डोळे दिसले. त्या डोळ्यांत रेंजर नव्हता, व्याही नव्हता, एक घाबरलेला म्हातारा माणूस होता. या माणसाला पोहता येत नाही, कधीच येत नव्हते, हे बन्सीलालला एका क्षणात कळले. सवयीने हात गळ्याकडे गेला आणि त्याने आधी शिट्टी वाजवली. मग त्याने उडी मारली.

गिरणेतला बन्सीलाल खरोखर आत होता. पोट आपण होऊन तरंगले, हातपाय आठवणीने चालू लागले आणि चार-सहा हातांत तो नानांपाशी पोचला. तोवर नानांना तळ हा प्रकारच आठवत नव्हता.

“नाना, जरा तसदी देतो,” बन्सीलाल म्हणाला.

नानांनी दोन्ही हातांनी त्याच्या गळ्याला मिठी मारली. लग्नात व्याही-व्याही भेटतात त्याहून ती कितीतरी घट्ट होती. दोघे मिळून खाली गेले. वर आल्यावर बन्सीलालने नियमाप्रमाणे हनुवटीखाली तळहात लावून हलकेच रेटले. मुलीच्या बापाने रेटावे तितकेच. नाना अधिकच चिकटले. दोघे पुन्हा खाली गेले. आता बन्सीलालच्याही नाकात पाणी गेले, आणि त्याला कळले की आणखी एकदा मान ठेवला तर छायाच्या लग्नाला दोन्हीकडचे बाप नसतील. वर येताच त्याने उजवा हात मोकळा करून नानांच्या गालात सणसणीत ठेवून दिली.

मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला लग्नाआधी मारलेली ही अख्ख्या खानदेशातली पहिलीच थप्पड असावी. तिचा आवाज चारी भिंतींवरून फिरून आला. तीत त्या लहान नारळाचा किती वाटा होता, ते बन्सीलालने पुढेही कधी स्वतःला विचारले नाही. नानांची मिठी सुटली. त्याने त्यांना उताणे वळवले, हनुवटी धरली आणि ओढत काठाशी आणले. चौघा मित्रांनी त्यांना वर घेतले. आता टाळ्या थांबल्या होत्या.

नाना काठावर निपचित पडले होते. बन्सीलाल धापा टाकत गुडघ्यांवर बसला, त्याने त्यांचे नाक चिमटीत धरले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात कुलदैवताचे नाव घेऊन तोंड खाली नेले. एवढ्यात नानांनी डोळे उघडले. आपल्या तोंडावर व्याह्यांचे तोंड येत आहे असे दिसताच ते भडाभडा पाणी ओकले, एकदम उठून बसले आणि शर्ट मागू लागले.

परीक्षक जवळ आले. त्यांनी काठावरून पाण्याकडे पाहिले, मग नानांच्या गालाकडे पाहिले. तिथे बोटे उमटली होती. ते म्हणाले की पोहणे ठीक, ओढून आणणे चांगले, पण मारण्याचा प्रश्न आहे. इसम खरोखरच बुडत असेल तर मारणे बरोबर होते आणि उमेदवार पूर्ण गुणांनी उत्तीर्ण. इसम नाटक करत असेल तर मारहाण झाली आणि उमेदवार बाद. पुन्हा परीक्षा पुढच्या वर्षी. स्वतः त्यांना साडेचार फूट पाण्यात कोणी बुडेल असे वाटत नव्हते. तेव्हा त्यांनी बन्सीलालला सरळच विचारले, की हे गृहस्थ बुडत होते की नाटक करत होते.

बन्सीलालने नानांकडे पाहिले. नाना टॉवेल लपेटून बसले होते, आणि त्यांचे चार मित्र, ज्यांना तापीची गोष्ट पाठ होती, उत्तराची वाट पाहत त्यांच्याभोवती उभे होते. खरे सांगितले तर पाटी राहणार होती. पण मग या माणसाला उद्या सकाळी फिरायला जाता येणार नव्हते. बन्सीलालला त्यांची फार दया आली. ही दया पुढे मेसवर पोळ्या मोजायला नेणार आहे हे दिसत असूनही ती मागे हटेना.

“नाटकच करत होते, साहेब,” तो म्हणाला. “फार चांगलं करतात.”

परीक्षकांनी मान हलवली आणि खिशातून पेन काढले. मित्रांच्या चेहऱ्यावर हसू आले. एकाने नानांच्या पाठीवर थापही मारली. नाना खाली फरशीकडे पाहत होते. पेन कागदाला टेकले, तेव्हा त्यांनी खोकून घसा साफ केला.

“थांबा, साहेब. मी बुडत होतो.”

परीक्षकांनी विचारले, एवढ्याशा पाण्यात?

“तुम्ही पाणी बाहेरून बघताय,” नाना म्हणाले. “मला पोहता येत नाही. आजवर आलेलं नाही. यांनी मारलं म्हणून मी इथे बसलोय. तसं लिहा.”

परीक्षकांनी तसे लिहिले, खाली सही केली, शिक्का उमटवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले. चौघा मित्रांपैकी एकाने, बहुधा काहीतरी बोलायला हवे म्हणून, धुळ्यात हल्ली पाणी फार जड येते असे सांगितले. बाकीच्या तिघांनी ते मान्य केले.

घराकडे नाना पुढे निघाले. बन्सीलाल त्यांच्या मागून दोन पावले अंतर ठेवून चालत होता. तेवढी रीत त्याने सोडली नव्हती. दारात विहीणबाईंनी गालाला काय झाले म्हणून विचारले. नाना म्हणाले की पाण्यात दोघेही उतरलो होतो, पाणी सहा फूट होते, आणि वारकेसाहेबांना जरा हात द्यावा लागला. बन्सीलालने मान डोलावली.

लग्न ठरल्या तिथीला जळगावात थाटाने झाले. पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी होती. मुलाकडची मंडळी पहिल्या पंगतीला बसली आणि नाना मधोमध बसून सगळ्यांना धुळ्याची हकिगत सांगू लागले. पाणी आता दोन पुरुष झाले होते. वारकेसाहेबांना पेटका आला, ते खाली जाऊ लागले, त्यांनी नानांच्या गळ्याला मिठी मारली. मग नानांनी त्यांना एक थप्पड दिली, भानावर आणले आणि हनुवटी धरून काठाला लावले. एका हातात बंदूक नव्हती, एवढेच काय ते कमी होते. पंगतीतली माणसे घास हातात धरून ऐकत होती आणि अधूनमधून वाढप्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या बन्सीलालकडे कौतुकाने बघत होती, की हाच तो वाचलेला.

कुंदाबाई तुपाचे भांडे घेऊन मध्येच थबकली होती. तिचा चेहरा लाल झाला. ती बन्सीलालच्या जवळ आली आणि दात आवळून हळूच म्हणाली की हे काय सांगताहेत ते ऐकताय ना, आणि तुम्ही गप्प उभे कसे राहू शकता.

बन्सीलालने पंगतीकडे पाहिले. आपली मुलगी चांगल्या घरी पडली, असे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाटले.

“जिथे खरं बोलायला हवं होतं तिथे ते बोलले,” तो म्हणाला. “आता इथे बोलू दे त्यांना. जा, नानांच्या बट्टीवर तूप वाढ.”